जुन्या चिपांची नाममुद्रा व काळनिर्णय

नाणकशास्त्राच्या अभ्यासकाला पहिला धडा मिळतो तो हा, कीं नाण्यावर ज्याचें नांव असेल त्याच्याच कारकीर्दींत तें नाणें पडलें असें गृहीत धरूं नये. ह्याचें उत्तम उदाहरण महाड तालुक्यांतच आहे. रायगड किल्ला ह्याच तालुक्यांतला, तेथें इ. स. १६७४ मध्यें शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, आणि एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें धारण करणारी तांब्याची शिवराई लोकांच्या हातीं खेळूं लागली. परंतु हींच अक्षरें पुढें दीडशें वर्षें निरनिराळ्या टांकसाळींतून उठत राहिलीं. पेशवाई आली आणि गेली, तरी नाणें त्याच नांवाचें राहिलें. अक्षरें मात्र हळूहळू मोडत गेलीं, कांहीं खिळ्याबाहेर गेलीं, आणि दुदांडीसारखे उत्तरकालीन प्रकार निपजले. म्हणून पोलादपुराकडील एखाद्या घरच्या जुन्या गडव्यांत शिवराई सांपडली, कीं ती थेट महाराजांच्या काळची असें मानण्याचा मोह आवरावा लागतो. वजन, अक्षरांचें वळण, कडेच्या बिंदूंची रांग, धातूचा कस हें सारें पाहून मगच तिला यादींत जागा द्यावयाची असते.

हाच मोह आणि हीच शिस्त आज एका अगदीं निराळ्या वस्तूच्या बाबतींत विचार करण्याजोगी झाली आहे. ती वस्तु म्हणजे सिलिकॉनची चिप. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जगाचा व्यवहार ज्या मायक्रोप्रोसेसरांनीं आणि मेमरी चिपांनीं पालटून टाकला, त्यांच्या पहिल्या पिढ्या आतां इतिहासजमा झाल्या आहेत. त्या गोळा करणारे, ओळखणारे आणि त्यांची सूचि करणारे लोक जगभर आहेत. त्यांचें काम वरवर पाहतां पोरखेळासारखें वाटेल. नखाएवढ्या काळ्या तुकड्यावरील अंक भिंगांतून वाचीत बसण्यांत कसलें आलें आहे पांडित्य, असेंही कोणी म्हणेल. परंतु शिवराईचे शिक्के जुळवीत बसलेल्या संशोधकालाही एके काळीं लोक असेंच म्हणत असत. आणि त्याच संशोधकाच्या यादीवरून आज आपण टांकसाळींचा इतिहास लिहितों.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊं. मायक्रोप्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेब करणारा व आज्ञा पाळणारा भाग एकाच सिलिकॉनच्या कपचीवर उतरविलेला. बाजारांत सर्वांस विकत मिळूं लागलेला अशा प्रकारचा पहिला मायक्रोप्रोसेसर म्हणून इंटेल कंपनीच्या ४००४ ह्या चिपेचें नांव घेतलें जातें. तिची जाहिरात १९७१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत निघाली. बिझीकॉम ह्या जपानी कंपनीस हिशेबाचें यंत्र करावयाचें होतें, त्यांतून ती जन्मास आली. टेड हॉफ, स्टॅन मेझर, फेदेरिको फॅजिन आणि मासातोशी शिमा ह्या चौघांच्या श्रमांचें तें फळ होय. तिच्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते व ती एका वेळीं चार बिटांचा विचार करी. तिची तीन भावंडें होतीं: कायमची स्मृति ठेवणारी ४००१, तात्पुरती स्मृति ठेवणारी ४००२ आणि ४००३ हा शिफ्ट रजिस्टर. पुढें १९७२ त ८००८, १९७४ त ८०८० आणि मोटोरोलाची ६८००, १९७५ त एमओएस टेक्नॉलॉजीची ६५०२ आणि १९७६ त झायलॉगची झेड-८० अशी ही वंशावळ वाढत गेली.

आतां ह्या वस्तु ओळखावयाच्या कशा? प्रत्येक चिपेच्या पाठीवर दोन-तीन ओळी छापलेल्या असतात. तेवढाच तिचा शिलालेख. त्यांत सामान्यतः कर्त्या कंपनीची मुद्रा, जातीचा अंक, चार आंकडी कालांक आणि कधीं देशाचें नांव असतें. अंकाच्या आधींचें अक्षर आवरणाची जात सांगतें. इंटेलच्या जुन्या पद्धतींत ‘सी’ म्हणजे पांढऱ्या किंवा जांभळट चिनी मातीचें, सोन्याच्या झांकणाचें आवरण. ‘डी’ म्हणजे दोन चिनी मातीच्या थरांत कांचेनें सांधलेलें. आणि ‘पी’ म्हणजे प्लॅस्टिकचें. ४००४ च्या आरंभींच्या कांहीं नगांत पांढऱ्या आवरणाच्या आंतून धातूच्या करड्या रेघा दिसतात. जाणते लोक तेवढ्यावरून तो नग जुना म्हणून ओळखतात, जसा शिवराईचा जाणकार अक्षराच्या एका वेलांटीवरून ओळखतो.

देशाच्या नांवानें मात्र पुष्कळांची फसगत होते. चिपेवर मलेशियाचें नांव असलें, तर ती तेथें घडली असें वाटतें. इंटेलनें १९७२ त पेनांग येथें कारखाना काढला तो चिपा आवरणांत बसविण्याचा व तपासण्याचा होता. सिलिकॉनची मूळ कपची दुसरीकडे तयार होई. म्हणजे चिपेवरील देशनाम हें जन्मस्थानाचें नसून कपडे चढविल्याच्या जागेचें असतें.

त्याहून अधिक फसवें असतें तें साल. ८०८८ ही इंटेलची चिप १९७९ त बाजारांत आली, आणि १९८१ त आयबीएम कंपनीच्या सुप्रसिद्ध पर्सनल कॉम्प्युटरांत ती बसल्यामुळें जगभर गेली. तिच्या आरंभींच्या नगांवर १९७८ हें साल छापलेलें दिसतें. चिप निघण्याच्या आधींचें साल तिच्या पाठीवर कसें आलें? कारण तें उत्पादनाचें साल नव्हे. आराखड्याच्या स्वामित्वहक्काचें आहे, आणि तो आराखडा तिच्या थोरल्या भावंडापासून, म्हणजे ८०८६ पासून, चालत आलेला. पुढच्या नगांवर १९७८ व १९८१ अशीं दोन सालें येतात. हा फरक नुसता शोभेचा नाहीं. पहिल्या नगांत एक दोष होता: स्टॅकची जागा बदलण्याची आज्ञा चालू असतां मध्येंच व्यत्यय आला, तर यंत्राचा हिशेब कोलमडूं शके. दुसऱ्या सालाची भर पडलेल्या नगांत तो दोष काढलेला आहे. तेव्हां जो संग्राहक एकच साल वाचतो आणि ‘ही चिप १९७८ ची’ असें यादींत लिहितो, तो पेशवाईंतल्या शिवराईवर १६७४ असें लिहिणाऱ्याच्याच पंक्तीला बसतो.

चार आंकडी कालांकाची गोष्टही अशीच. त्यांतील पहिले दोन आंकडे वर्षाचे व पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे ७५३२ हें १९७५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्याचें चिन्ह झालें. पण टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनें रूढ केलेल्या तर्कमंडलांच्या एका फार मोठ्या कुळाचे जातिअंकही ७४ ह्याच आंकड्यांनीं सुरू होतात. त्यांतला ७४३२ हा एका तर्कद्वाराचा अंक आहे, आणि तोच १९७४ सालचा बत्तिसावा आठवडाही होऊं शकतो. दोन्ही ओळी एकत्र वाचल्याखेरीज निर्णय होत नाहीं. ज्यांना शिलालेखांतील अंकचिन्हें आणि अक्षरें ह्यांचा घोळ परिचित आहे, त्यांना ही अडचण नवी वाटणार नाहीं.

मग येतो नकलांचा प्रश्न. मोठे ग्राहक एकाच कारखान्यावर विसंबण्यास तयार नसत. म्हणून एका कंपनीची चिप दुसऱ्या कंपनीनें परवान्यानें करणें ही त्या काळची रीतच होती. पण परवान्याशिवायही चिपा निघाल्या. ८०८० पाहून एएमडी कंपनीनें आपली ९०८० प्रथम परवान्याशिवायच बनविली व परवाना मागाहून घेतला. सोव्हिएत रशियांत ८०८० चा अवतार ५८० ह्या मालिकेंत झाला. पूर्व जर्मनींत झेड-८० चा अवतार यू-८८० ह्या नांवानें झाला. अशा नकलांचा त्रास एवढा होता, कीं झेड-८० च्या कर्त्यांनीं आराखड्यांत मुद्दाम कांहीं सांपळे ठेवले होते. छायाचित्रावरून नक्कल करणारास एक ट्रान्झिस्टर दिसे एक व वागे दुसराच. म्हणून केवळ पाठीवरचें नांव पाहून मूळ कोणतें व नक्कल कोणती हें ठरत नाहीं. झांकण काढून आंतील कपची सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी लागते. सन २००९ च्या सुमारास कांहीं हौशी अभ्यासकांनीं ६५०२ ही चिप उघडून, तिचीं छायाचित्रें घेऊन, तिचे सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर एकेक करून नोंदले आणि त्या नोंदीवरून संगणकांत ती पुन्हा चालवून दाखविली. सूचीचें काम पराकाष्ठेस नेलें म्हणजे मृत वस्तूंतही कसा प्राण येतो, ह्याचें हें उदाहरण आहे.

ह्याच ६५०२ चें आणखी एक लक्षण सांगण्यासारखें आहे. १९७६ च्या मध्यापूर्वीच्या नगांत अंक उजवीकडे फिरविण्याची एक आज्ञा नीट चालत नसे; पुढें ती चालू लागली. म्हणून कालांक पुसट झाला असला तरी चिप यंत्रांत घालून ती आज्ञा दिल्यास तिचें वय कळतें. १९८७ त इंटेलनें ८०३८६ च्या नगांवर उमटविलेल्या खुणा तर स्वतःच आपला दोष सांगतात. मोठ्या अंकांच्या गुणाकारांत चूक आढळल्यावर जे नग चांगले ठरले त्यांवर ग्रीक सिग्मा हें अक्षर दोनदां उमटविलें, व जे नापास झाले त्यांवर ‘फक्त सोळा बिटांच्या कामासाठीं’ अशा अर्थाचा शेरा मारून ते विकले. चुकांवरून काळ ठरविणें ही भाषाशास्त्रज्ञांची व नाणकशास्त्रज्ञांची जुनी युक्ति. ती येथेंही उपयोगीं पडते.

मेमरी चिपांकडे सूचिकारांचें लक्ष त्या मानानें कमी जातें. बुद्धीचें कौतुक होतें, स्मृतीचें होत नाहीं, हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु धंद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर स्मृतीनेंच बुद्धीला पोसलें. इंटेलचे पहिले पदार्थ मेमरीचेच होते: १९६९ त ६४ बिटांची ३१०१ आणि २५६ बिटांची ११०१. पुढें १९७० त आलेल्या ११०३ ह्या १,०२४ बिटांच्या चिपेनें चुंबकीय मण्यांच्या मेमरीची सद्दी संपविली. ह्या चिपेंतील विद्युद्भार आपोआप गळून जाई व तो दर दोन मिलिसेकंदांनीं पुन्हा भरावा लागे. १९७१ त डोव्ह फ्रोमन ह्यांची १७०२ आली; तिच्या पाठीवर स्फटिकाची खिडकी असून तींतून अतिनील प्रकाश पाडला असतां लिहिलेलें पुसलें जाई. अशी खिडकीची चिप उन्हांत उघडी ठेवणारा संग्राहक नकळत तिचा ग्रंथच पुसून टाकतो. म्हणून जाणते सूचिकार खिडकीवर कागद चिकटवितात आणि आंतील मजकूर प्रथम उतरवून घेतात. कारण पुष्कळदां चिपेपेक्षां तिच्यांतील मजकूरच अधिक दुर्मिळ असतो.

एवढी मेहनत कशासाठीं, ह्याचें उत्तर पहिलेपणाच्या वादांत सांपडतें. ४००४ ही पहिली, असें वर म्हटलें. पण ‘पहिली’ ह्या शब्दावर पुष्कळ भांडणें झालीं आहेत. फोर-फेझ सिस्टिम्स ह्या कंपनीची एएल-१ ही चिप १९६९ तली आहे, आणि तिचे कर्ते ली बॉयसेल ह्यांनीं पुढें एका पेटंटाच्या खटल्यांत तीच चिप प्रत्यक्ष चालवून दाखविली. एफ-१४ ह्या अमेरिकन लढाऊ विमानासाठीं रे होल्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७० पर्यंत तयार केलेला चिपांचा संच लष्करी गुप्ततेमुळें १९९८ पर्यंत जगास ठाऊकच नव्हता. गिल्बर्ट हायट ह्यांना १९९० त एक पेटंट मिळालें आणि कांहीं काळ एकाच चिपेवरील संगणकाचे जनक तेच ठरले. १९९६ त तो मान त्यांच्याकडून गेला. ह्या सर्व वादांत शेवटीं साक्षीला उभ्या राहिल्या त्या वस्तु आणि त्यांच्या नोंदी. जपून ठेवलेली एक चिप ही शंभर आठवणींहून बलवान् पुरावा ठरते. पण ती कोठून आली, कोणत्या यंत्रांतून निघाली, हें लिहिलेलें असेल तरच.

येथें महाडजवळच्या दुसऱ्या एका स्थळाची आठवण होते. सावित्री व गांधारी ह्या नद्यांच्या परिसरांत गंधारपाले येथील लेणीं आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत कुमार काणभोअ विण्हुपालित ह्याचें दान नोंदलेलें आहे: लेणें, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि पाण्याचीं टांकीं. ओवरी हा शब्द त्या लेखांतील ‘ओवरक’ ह्या रूपानें इतकीं शतकें आपल्या तोंडीं टिकून आहे. लेखांत साल नाहीं. काळ ठरवावयाचा तो अक्षरांच्या वळणावरून. भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस ह्यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख १८८१ त प्रसिद्ध केले, आणि हाइनरिख ल्यूडर्स ह्यांनीं १९१२ त प्राचीन ब्राह्मी लेखांची जी क्रमवार यादी छापली तींत ह्यांनाही क्रमांक मिळाले. तेव्हांपासून जगांतील कोणीही अभ्यासक नुसता एक आंकडा सांगून ह्या डोंगरांतील नेमक्या ओळींकडे बोट दाखवूं शकतो. सूचि करणें म्हणजे वस्तूला जगाच्या संभाषणांत जागा देणें, तें असें.

त्या लेखांत दात्याचें नांव राहिलें; ज्या पाथरवटांनीं कातळ फोडला त्यांचें नाहीं. चिपांचेंही तसेंच आहे. पाठीवर कंपनीचें नांव ठळक असतें, रेखाटणाऱ्याचें नसतें. फॅजिन ह्यांनीं मात्र ४००४ च्या कपचीच्या एका कोपऱ्यांत आपलीं ‘एफ. एफ.’ हीं आद्याक्षरें कोरून ठेवलीं. तीं उघड्या डोळ्यांस दिसत नाहींत. पुढें कर्तृत्वाच्या श्रेयाविषयीं कंपनीच्या कथनांत त्यांचें नांव मागें पडलें, तेव्हां हीं दोन अक्षरें त्यांच्या बाजूनें साक्ष देत राहिलीं. ज्यानें चिप उघडून पाहिली नसेल त्याला ही साक्ष कधींच ऐकूं आली नसती.

आपल्याकडील परिस्थिति काय आहे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टीआयफ्रॅक हा संगणक १९६० त कामास लागला व १९६२ त पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें नामकरण झालें. त्याची स्मृति चुंबकीय मण्यांची होती, २०४८ शब्दांची. चिपांचा कारखाना मोहाली येथें सरकारनें काढला. १९८० नंतरच्या दशकांत तेथें उत्पादन सुरू झालें, पण १९८९ च्या फेब्रुवारींत आग लागून त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. त्या आगीपूर्वींची मोहालीची प्रत्येक चिप आज आपल्या औद्योगिक इतिहासाचें एकेक पान आहे. पुण्यांत १९८८ त सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ त परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. त्याच्या पोटांत इनमॉस ह्या ब्रिटिश कंपनीच्या टी-८०० जातीच्या चिपा होत्या. ह्यांना ट्रान्सप्यूटर म्हणत. त्यांपैकी प्रत्येकींत हिशेबाचा भाग, थोडी स्मृति आणि शेजारणींशीं बोलण्याचे चार मार्ग एकत्र होते. म्हणूनच पुष्कळ चिपा जोडून एक प्रचंड गणक उभारतां आला. मराठी भाषेंत महासंगणकाचा इतिहास लिहावयाचा तर ह्या चिपांची नोंद हें त्याचें पहिलें प्रकरण असलें पाहिजे.

असें असतां ह्या वस्तु जातात कोठें? भंगारांत. जुन्या चिनी मातीच्या चिपांना सोन्याचें झांकण व सोन्याचा मुलामा असे, आणि जितकी चिप जुनी तितकें सोनें जास्त. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीनें ज्या अधिक मोलाच्या, त्याच आधीं आम्लांत पडतात. तांब्याच्या भावानें शिवराया वितळविल्या गेल्या तीच कथा. दुसऱ्या बाजूनें, बाजारांत किंमत आहे म्हणतांच लबाडीही आली. जुन्या चिपेचें मूळ लेखन घांसून, वर काळा लेप देऊन, दुर्मिळ अंक छापण्याचा धंदा चालतो. लेप खरा कीं खोटा हें ॲसिटोनच्या बोळ्यानें तपासावें लागतें. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं असा कचरा नोंदणीकृत कारखान्यांकडे जाईल अशी व्यवस्था केली, ती योग्यच आहे. पण त्या ढिगांतून ऐतिहासिक वस्तु बाजूला काढणें हा त्या नियमांचा विषय नव्हे. तें काम जाणत्या माणसांनींच केलें पाहिजे.

महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांस ह्यांत कांहीं कर्तव्य नाहीं असें समजूं नये. टेलिफोनच्या बूथवरील मोजणीयंत्रें, कचेऱ्यांतील पहिलीं गणकयंत्रें, शाळांना मिळालेले पहिले संगणक ह्या रूपानें चिपा खेड्यापाड्यांत पोंचल्या होत्या. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाडची बाजारपेठ बुडाली. चिनी मातीची चिप पाण्यांत बुडाली तरी धुऊन वाळवितां येते. ती कोणत्या यंत्रांतून निघाली हें सांगणारा कागद मात्र परत मिळत नाहीं. वस्तु टिकली आणि तिची कुळकथा गेली, म्हणजे उरतो तो नुसता एक अनामिक तुकडा.

म्हणून नोंद कशी असावी हें थोडक्यांत सांगून हा लेख संपवितों. चिपेवरच्या सर्व ओळी जशाच्या तशा, अर्थ न लावतां, उतरवाव्यात. अर्थ निराळ्या रकान्यांत लिहावा. स्वामित्वहक्काचें साल व उत्पादनाचा आठवडा ह्यांची गल्लत करूं नये. आवरणाची जात व पायांची संख्या नोंदावी. पोटाकडील बाजूही पाहावी, कारण पुष्कळदां खरा कालांक तेथेंच असतो. ती कोणत्या यंत्रांत होती, तें यंत्र कोठें चाले व त्यावर कोण काम करी, हें त्या माणसाच्या हयातींत विचारून घ्यावें. खात्री नसेल तेथें प्रश्नचिन्ह घालावें आणि तें काढण्याची घाई करूं नये. शिवराईची यादी करणाऱ्यांनीं हेंच केलें, लेण्यांतील अक्षरें ठशांवर उतरविणाऱ्यांनींही हेंच केलें. चिपा आपल्याच पिढीच्या हातून गेल्या आहेत. त्यांचे साक्षीदार अद्याप बोलूं शकतात, एवढाच काय तो फरक. ही सवलत काणभोअ कुमाराच्या लेखाला मिळाली नव्हती.